अर्ध्या तासासाठी आठ महिने : सामुदायिक रेडिओवरचा माझा पहिला कार्यक्रम

8 मार्च 2025 रोजी, शनिवारी संध्याकाळी साडेसहा वाजता, नागपुरातील एका सामुदायिक रेडिओ केंद्रावरून माझ्या साप्ताहिक कार्यक्रमाचा सव्विसावा आणि ठरल्याप्रमाणे शेवटचा भाग प्रसारित झाला. दरम्यानच्या काळात ओळखीच्या सात-आठ जणांनी ‘असा कार्यक्रम करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी’ असे विचारले आणि प्रत्येकाला मी तुटक-तुटक काहीतरी सांगत राहिले. ते एकदा सलग लिहून ठेवावे म्हणून हा लेख. मी पत्रकार नाही; पंचवीस वर्षे सहकारी बँकेत नोकरी करून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई आहे, आणि या कामात शिरताना मला रेडिओ ऐकण्यापलीकडे काहीही येत नव्हते.

ऐकण्याची सवय मात्र जुनी आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 साली सुरू झाले आणि आमच्या घरात वडिलांच्या दाढीपासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत दिवसाचे वेळापत्रक त्याच केंद्रावर चालत असे. त्यामुळे रेडिओवर बोलणारी माणसे वेगळ्या मातीची असतात, अशी माझी पक्की समजूत होती. ती मोडायला 23 सप्टेंबर 2023 ची पहाट कारणीभूत ठरली. त्या रात्री काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आमच्या एका नातेवाइकांच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते. पुढचे पंधरा दिवस चिखल काढताना शेजारीपाजारी जे बोलत होते, त्यात नाला कोणी अडवला हे होते, तलावाचा सांडवा म्हणजे नेमके काय हे होते, आणि गणपतीच्या दिवसांत संगीत नाटकाच्या तालमीची पेटी भिजून फुगली, हेही होते. हे सगळे एकाच ओट्यावर, एकाच दमात बोलले जात होते. अशा बोलण्याला अर्धा तास मिळावा, एवढीच माझी कल्पना होती.

9 जानेवारी 2024 रोजी मी केंद्रावर पहिल्यांदा गेले. हे केंद्र एका शैक्षणिक संस्थेचे आहे. सामुदायिक रेडिओचा परवाना व्यक्तीला मिळत नाही. तो संस्थेला मिळतो. 2002 मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना हे दार उघडले गेले. स्वतःचे केंद्र काढायचे असेल तर संस्था किमान तीन वर्षे नोंदणीकृत असावी लागते, माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करावा लागतो, वारंवारतेसाठी आणि मनोऱ्यासाठी स्वतंत्र मंजुऱ्या घ्याव्या लागतात. ज्यांना फक्त कार्यक्रम करायचा आहे त्यांनी या वाटेला जाण्याचे कारण नाही. आपल्या परिसरात आधीच चालू असलेले केंद्र शोधावे. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून केंद्रातच तयार व्हावेत अशी अट त्यांच्यावर असते, त्यामुळे आपण गेलो तर त्यांनाही आपली गरज असते, हे मला फार उशिरा कळले. मी मात्र उपकाराची याचना केल्यासारखी उभी होते.

समन्वयक मॅडमनी एक पानी अर्ज दिला. त्यात कार्यक्रमाचे नाव, कालावधी, श्रोतावर्ग आणि विषय असे रकाने होते. विषयाच्या रकान्यात मी सरळ ‘राजकारण, कला आणि पर्यावरण’ असे लिहिले. मॅडमनी ते वाचले, पेन उचलले, परत ठेवले आणि म्हणाल्या, “यातला पहिला शब्द तुम्ही घरी जाऊन पुन्हा एकदा बघा.” पुढच्या आठ महिन्यांतला बराच काळ त्या एका शब्दाने खाल्ला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

आपल्याकडे आकाशवाणी वगळता इतर कोणत्याही रेडिओ केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सामुदायिक केंद्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम यांना मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, त्यांत शब्दही बदलता येत नाही. मात्र काही गोष्टी बातमी मानल्या जात नाहीत. वाहतूक आणि हवामान, स्थानिक सण-उत्सव, परीक्षा आणि प्रवेश, रोजगाराच्या संधी, आणि वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांविषयीच्या स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना त्यांत येतात. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच म्हटले होते; त्या निकालाच्या बळावर उभ्या राहिलेल्या केंद्रांना आपल्या गल्लीतली बातमी सांगता येऊ नये, हे मला तेव्हा पटले नव्हते आणि आजही पटलेले नाही. पण परवाना संस्थेचा असतो, गेला तर तिचा जातो, आणि आपण तिथे पाहुणे असतो. ही जाणीव ठेवूनच मी अर्जात ‘शहराचा कारभार, कला आणि पर्यावरण’ असा बदल केला.

सुधारलेला अर्ज फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दिला. उत्तर येण्याच्या आत, 16 मार्च 2024 रोजी, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली. नागपूरचे मतदान 19 एप्रिलला पहिल्याच टप्प्यात आटोपले, तरी आचारसंहिता देशभराचा निकाल लागेपर्यंत असते आणि मतमोजणी 4 जूनला होती. कारभाराविषयीचा नवा कार्यक्रम या काळात सुरू करायचा नाही, असे केंद्राने खबरदारी म्हणून ठरवले. म्हणजे उन्हाळा संपेपर्यंत वाट पाहणे आले. मी चिडले, मग थोडी सुटल्यासारखीही झाले, कारण मनातून भीती होतीच. ज्यांना असे काही सुरू करायचे आहे त्यांनी आधी पुढच्या वर्षभरातल्या निवडणुका मोजाव्यात आणि मगच तारीख ठरवावी.

स्वरचाचणी 11 जूनला झाली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वातानुकूलन यंत्र होते, परंतु त्याची घरघर मुद्रणात येते म्हणून लाल दिवा लागण्यापूर्वी ते बंद केले जात असे. पाऊस अजून आलेला नव्हता. भिंतींना जाड आवरण, दार घट्ट, पंखा नाही. तिसऱ्या मिनिटाला घाम हनुवटीवरून संहितेवर ठिबकू लागला. मी घरून चार पाने लिहून आणली होती, त्यांत एकही वाक्य सुटे नव्हते. काचेपलीकडून तंत्रज्ञ मुलगा शांतपणे ऐकत होता. दुसऱ्या पानावर त्याने थांबवले आणि कानातल्या हेडफोनमधून आवाज आला, “ताई, तुम्ही वाचून राहिल्या. बोलून नाही राहिल्या.” नंतर बाहेर आल्यावर त्याने पाने चाळली आणि विचारले, “कायले एवढं लिहून आणलं जी?”

त्याचे म्हणणे खरे होते. बँकेतल्या परिपत्रकांची सवय माझ्या वाक्यांत होती. रेडिओवर श्रोत्याला मागचे वाक्य पुन्हा वाचता येत नाही, म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यात फार अंतर ठेवायचे नाही, आकडा आला की त्याला क्षणभर जागा द्यायची, आणि एका वाक्यात दोन आकडे घालायचे नाहीत, हे मी त्या मुलाकडून शिकले. दमले की माझ्या तोंडून ‘पाणी’चे ‘पानी’ होते, हेही त्यानेच दाखवले. त्यावर मात्र त्याचे मत असे होते की पाहुण्यांच्या तोंडी ‘पानी’ असू द्यावे, निवेदनात ‘पाणी’ असावे. पानांना टाचणी लावायची नाही, कारण उलटताना कडकड होते. एका बाजूला, मोठ्या अक्षरांत छापायचे आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ द्यायचे नाही. बांगड्या काढून ठेवायच्या. या गोष्टी कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत, पण त्यांच्यावाचून अर्धा दिवस वाया जातो.

चाचणीनंतर केंद्राने नमुना भाग मागितला आणि मी कारभाराच्या भागासाठी आमच्या वस्तीमागच्या नाल्याची पावसाळापूर्व सफाई हा विषय घेतला. त्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करायचे ठरवले. महाराष्ट्रात अशा अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारण 150 शब्दांत मांडावा, असा नियम आहे. माझा पहिला मसुदा 210 शब्दांचा झाला होता, कारण त्यात प्रश्नांपेक्षा माझी मते जास्त होती. मते काढली तेव्हा अर्ज 90 शब्दांत बसला : सफाई कोणत्या तारखांना झाली, यंत्र किती तास चालले, गाळाच्या किती फेऱ्या निघाल्या, तो कुठे टाकला. दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक चिकटवून 18 जूनला अर्ज दिला आणि पोच घेतली. उत्तर देण्यासाठी कायद्यात 30 दिवस आहेत. मला ते अठ्ठाविसाव्या दिवशी मिळाले. 26 पानांच्या प्रती, पानाला दोन रुपये, एकूण 52 रुपये. मुदत पाळली गेली, परंतु मी नमुना भागाची तारीख 13 जुलै कबूल करून बसले होते, आणि कागद हाती आले 16 जुलैला. हा दोष सर्वस्वी माझा. कागदावर आधारलेला भाग असेल तर कागद हाती आल्याशिवाय तारीख देऊ नये.

कागद नसल्यामुळे नमुना भागात मी ऐकीव गोष्टींवर भिस्त ठेवली, आणि तो भाग परत आला. केंद्रप्रमुख सरांनी संहितेवर लाल पेनाने अकरा ठिकाणी खुणा केल्या होत्या. ते पान माझ्याकडे अजून आहे. पहिली खूण या वाक्यावर आहे : “आमच्या प्रभागाच्या माजी नगरसेवकांनी दिलेला शब्द पाळला नाही आणि नाला तसाच तुंबून राहिला.” समासात सरांनी लिहिले होते, “कोण, कधी, कोणासमोर?” महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती, तेव्हापासून प्रशासक कारभार पाहत होते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी पायउतार झालेल्या व्यक्तीला या वर्षीच्या सफाईबद्दल विचारणे मुळातच चुकीचे होते. हे मला शहरात राहूनही सुचले नव्हते. दुसरी खूण पक्षाच्या नावावर होती. तिसरी ‘सगळ्यांना ठाऊक आहे की’ या शब्दांवर.

ते वाक्य नंतर असे झाले : “या नाल्याची पावसाळ्यापूर्वीची सफाई कोणत्या तारखेला झाली, गाळाच्या किती फेऱ्या निघाल्या आणि तो गाळ कुठे टाकला गेला, याची नोंद कागदोपत्री आहे. ती नोंद आज आपण वाचू आणि मग नाल्याच्या काठावर जाऊन पाहू.” नाल्याच्या काठावर एक सायकल दुरुस्ती करणारे काकाजी बसतात. त्यांनी बोट दाखवून सांगितले की गाळ काढला हे खरे, पण तो काठावरच ठेवला होता आणि पहिल्या मोठ्या पावसात अर्धा परत आत गेला. त्यांना मी कोणाला दोष देता का, असे विचारलेच नाही. त्यांनीही दिला नाही. ते मुद्रण केंद्राने एकही शब्द न कापता लावले.

बाहेरच्या मुद्रणासाठी मी 1,450 रुपयांचा कॉलरला लावायचा मायक्रोफोन आणि 1,900 रुपयांचे बंद हेडफोन घेतले. मुद्रण मोबाइलवरच केले आणि त्यासाठी 600 रुपयांचे मेमरी कार्ड टाकले. हेडफोनवर काटकसर करू नये. कानांना जे ऐकू येत नाही ते मायक्रोफोनला ऐकू येते, हे घरी आल्यावर समजले तर उपयोग नसतो. वाऱ्यासाठी मायक्रोफोनवर घालायचे केसाळ टोपण मी भाचीच्या जुन्या खेळण्यातल्या अस्वलाच्या कानापासून शिवले. प्रत्येक ठिकाणी मुलाखत संपल्यावर कोणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज मुद्रित करून ठेवावा. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला तोच लागतो. संकलन मी ऑडॅसिटी या मोफत प्रणालीवर शिकले. पहिल्या नऊ मिनिटांच्या भागाला मला अकरा तास लागले, शेवटच्या भागांना तीन.

सप्टेंबरच्या 14 तारखेचा प्रसारण-दिवस ठरला आणि पहिल्या भागाचा विषय अर्थातच मारबत. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे स्त्रीरूपातले उंच पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची असे सांगतात. सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, आणि वर्षभरात लोकांना ज्याचा राग आला त्याचा बडग्या होतो. म्हणजे शहराचा कारभार, कला आणि ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी, तिन्ही गोष्टी एकाच मिरवणुकीत. 3 सप्टेंबर 2024 रोजी सकाळी मी इतवारीत होते. कागद, बांबू आणि खळ यांनी बांधलेल्या त्या उंच आकृतीला जवळून हात लावून पाहिला. वरचा रंग ओलाच होता, बोटाला पिवळा लागला तो दोन दिवस निघाला नाही. कारागिरांनी सांध्यांना सुतळी कशी बांधतात ते सांगितले, आणि एका बडग्याच्या अंगावर खरीखुरी वीजबिले चिकटवताना एक मुलगा प्रत्येक बिलाची रक्कम मोठ्याने वाचत होता.

दोन तासांच्या मुद्रणात आरोळ्यांचाच भाग सर्वांत जिवंत होता, आणि त्यातल्या निम्म्या आरोळ्यांत नेत्यांची नावे होती. ती लावता येणार नव्हती. मी रात्री बसून नावे कापली, तर ढोलांचा ठेका तुटू लागला. तंत्रज्ञाने सुचवले की नावे असलेल्या जागी ढोल पुढे आणावा आणि आवाज मागे न्यावा, म्हणजे आरोळी चालू आहे हे कळते, शब्द कळत नाहीत. तसे केले. मला ते अजून टोचते, कारण ज्याने कधी मारबत पाहिली आहे त्याला त्या ढोलाखाली काय दडले आहे ते नेमके ठाऊक असते. वीजबिलांच्या रकमा मात्र जशाच्या तशा राहिल्या.

या भागाच्या पर्यावरणाच्या सत्रात गणेश विसर्जनाच्या कृत्रिम टाक्यांची माहिती होती आणि ती मंगळवारच्या, म्हणजे 17 सप्टेंबरच्या, अनंत चतुर्दशीच्या तीन दिवस आधी लोकांपर्यंत पोहोचली, याचे समाधान वाटले. कारण सामान्यतः असे होत नाही. शनिवारच्या प्रसारणासाठी पूर्ण भाग सोमवारी द्यावा लागे. जानेवारीत एका रस्त्यावरच्या झाडांना तोडणीच्या सूचना चिकटवलेल्या दिसल्या. अशा सूचनेवर हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. मला सूचना दिसली बुधवारी, भाग द्यायचा पुढच्या सोमवारी, प्रसारण शनिवारी. मुदत तोवर संपणार होती. शेवटी त्या झाडांसाठी मी स्वतः पत्र दिले आणि कार्यक्रमात, कोणत्याही एका रस्त्याचे नाव न घेता, सूचना कुठे पाहावी, हरकत कशी लिहावी, झाडाचा क्रमांक कसा नोंदवावा आणि पोच का घ्यावी, एवढेच सांगितले. त्यानंतर दोन श्रोत्यांनी मसुदा मागितला.

केंद्राचे प्रक्षेपण 100 वॉटच्या मर्यादेत असते. आवाज पाच ते दहा किलोमीटरपर्यंत जातो, आणि मध्ये उंच इमारती आल्या तर तितकाही जात नाही. माझ्या घरी, मनीषनगरात, केंद्र लागतच नाही. अर्ज करण्यापूर्वी ही साधी गोष्ट मी तपासली नव्हती. म्हणून पहिला भाग ऐकायला मी महाल भागात मावशीकडे गेले.

एक महिना बरा गेला आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. या वेळी कार्यक्रम थांबवला नाही, पण 23 नोव्हेंबरच्या निकालापर्यंत कारभाराचे सत्र बाजूला ठेवावे असे ठरले. नऊ मिनिटे रिकामी झाली आणि ती कलेच्या वाट्याला आली. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडयांचा (गावजत्रांचा) आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, म्हणून 9 नोव्हेंबरला मी बसने वडशाला गेले. जाणे-येणे आणि खाणे मिळून 1,100 रुपये लागले. नाटक रात्री दहानंतर उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. रंगपटात पत्र्याच्या पेटीवर बसून नायिकेची भूमिका करणाऱ्या ताई एका हाताने भुवई रेखत, दुसऱ्या हातात पोहे धरून मला त्या हंगामातल्या मुक्कामांचा हिशेब सांगत होत्या. मागे जनित्र धडधडत होते. घरी येऊन ऐकले तेव्हा त्या धडधडीने अर्धी मुलाखत गिळलेली होती. कितीही गाळण्या लावल्या तरी मग माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. जनित्राकडे मायक्रोफोनची पाठ करून, सांगणाऱ्याच्या अगदी जवळ बसणे, हाच उपाय. तो पुढच्या वेळी केला.

डिसेंबरात कारभाराचे सत्र परत आले आणि लगेच 16 तारखेपासून हिवाळी अधिवेशन होते. यशवंत स्टेडियमपासून निघणारे मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात, हे प्रत्येक नागपूरकराला माहीत आहे. त्यांच्या मागण्या प्रसारित करणे आम्हाला शक्य नव्हते. मी तिथल्या चहावाल्यांशी बोलले. एका मावशींनी अधिवेशनाच्या आठवड्यात रोज किती लिटर दूध लागते, पोलीस बंदोबस्त बदलला की गाडी कुठे हलवावी लागते आणि दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या मोर्चेकऱ्यांपैकी कोण उधार मागत नाही, हे सांगितले. तो भाग मला सव्वीसांपैकी सर्वांत आवडतो, आणि तरी तो पूर्ण नाही हेही ठाऊक आहे. रस्त्याच्या पलीकडे अंगणवाडी सेविका थंडीत बसल्या होत्या आणि त्यांचे बोलणे माझ्या मुद्रणात फक्त पार्श्वभूमीला आहे.

खर्चाचे विचाराल तर सहा महिन्यांत साधारण साडेतेरा हजार रुपये गेले आणि त्यातला मोठा वाटा पेट्रोलचा होता. मानधन नसते, ते कोणी कबूलही केले नव्हते. चित्रपटगीते वापरायची नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरवावे, हक्कांच्या फंदात पडू नये. आमची शीर्षकधून शेजारच्या भजनी मंडळाने वाजवली आणि त्यांच्याकडून लेखी संमती घेतली. प्रत्येक पाहुण्याकडूनही एका ओळीचे संमतीपत्र घ्यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची संमती मुद्रित करून ठेवावी.

एक सूचना मात्र मला कोणी केली नाही, ती मी करते. केंद्रावर प्रसारित झालेला कार्यक्रम नियमानुसार तीन महिने जपून ठेवावा लागतो. त्यानंतर ठेवण्याचे बंधन नसते आणि जागा कमी असल्यामुळे तो पुसला जातो. पहिल्या भागाचे अंतिम संकलन केंद्राच्या संगणकावर झाले होते आणि माझ्याकडे फक्त सुटे तुकडे होते. डिसेंबरच्या शेवटी मी प्रत मागायला गेले तेव्हा ती गेलेली होती. दर शनिवारी रात्रीच आपली प्रत आपण घेऊन ठेवावी, दोन ठिकाणी.

मारबतीच्या त्या भागाची आता एकच प्रत आहे. मावशीच्या नातवाने तिचा मोबाइल रेडिओसमोर धरून ती केली होती. आठव्या मिनिटाला कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, त्यानंतर ढोल वर येतो, आणि तिथे मी खोलीतून काहीतरी समजावून सांगू लागते, बहुधा त्या ढोलाखाली काय होते ते. लगेच मावशीचा आवाज येतो, “मधात नको बोलू बाप्पा, मले ऐकू दे.”